परिशिष्टातून काढलेला सिनेमा: आवडत्या फॅन्टसी कादंबऱ्या ॲनिमेशनमध्ये का फसतात?

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवर 'घिब्ली स्टाइल' फोटोंची लाट आली होती, आठवतंय ना? आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामीपासून आत्याच्या नातवापर्यंत सगळे दोन दिवसांत कार्टून झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू. तेव्हा ऑफिसमधल्या एका मित्राने विचारलं, "हे इतकं सोपं झालंय, तर मग सगळ्या मोठ्या फॅन्टसी कादंबऱ्यांचे ॲनिमेटेड सिनेमे का नाही काढत लोक?"

काढलेत की. गेली पन्नास वर्षं काढतायत. आणि त्यातले बरेचसे फसलेत. ते का फसले हे तंत्राच्या बाजूने बघायला गेलं, तर आपल्या रोजच्या ॲप्समध्ये दिसणाऱ्याच काही गोष्टी सापडतात. म्हणून हा लेख.

सुरुवात ताज्या उदाहरणापासून करू. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द वॉर ऑफ द रोहिरिम' डिसेंबर २०२४ मध्ये थिएटरात आला. दिग्दर्शक केंजी कामियामा, म्हणजे 'घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' करणारा माणूस. पीटर जॅक्सनच्या सिनेमांची पटकथा लिहिणाऱ्या फिलिपा बॉयन्स निर्मात्यांमध्ये. राजा हेल्मला आवाज ब्रायन कॉक्सचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. प्रत्यक्षात सुमारे ३ कोटी डॉलरच्या बजेटवर जगभरात कमाई झाली सुमारे २ कोटी डॉलर, आणि तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा भाग थिएटरवालेच ठेवतात हे लक्षात घ्या. अमेरिकेत तर दोनच आठवड्यांत सिनेमा घरबसल्या भाड्याने पाहता येऊ लागला. दोन आठवडे! एवढ्यात तर आपल्याकडे फोनच्या अपडेटचा रोलआउटही पूर्ण होत नाही.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सबमिशनच्या आठवड्यात, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पहिल्यांदा वाचलं. सबमिशनचं काय झालं ते विचारू नका. त्यामुळे हा सिनेमा मी लॅपटॉपसमोर बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला. वाईट नाही वाटला. रिकामा वाटला. आणि ते जास्त लागलं.

रिकामा का, ते समजायला गोष्ट कुठून घेतली ते बघावं लागेल. टोल्कीनच्या कादंबरीच्या शेवटी परिशिष्टं आहेत. त्यातल्या पहिल्या परिशिष्टात रोहानच्या राजांच्या हकिकती येतात आणि त्यात हेल्मची गोष्ट जेमतेम दोनेक पानांची आहे. फ्रेका नावाचा सरदार आपल्या मुलासाठी हेल्मच्या मुलीला मागणी घालतो, भांडण होतं, हेल्म त्याला एका ठोशात मारतो. मग मुलगा वुल्फ सूड घ्यायला सैन्य घेऊन येतो. त्या भयंकर हिवाळ्यात किल्ल्यात अडकलेला हेल्म रात्री एकटाच शिंग फुंकून बाहेर पडतो आणि शत्रूला मारत सुटतो. एके सकाळी तो बर्फात गोठलेला सापडतो, मेलेला, पण उभा. जिच्यावरून हे सगळं घडलं त्या मुलीला टोल्कीनने नावसुद्धा दिलेलं नाही. सिनेमाने तिला हेरा हे नाव दिलं आणि नायिका केलं.

ही कल्पना मला मनापासून आवडली होती. नाव नसलेल्या मुलीची गोष्ट सांगणं, यापेक्षा परिशिष्टाचा चांगला उपयोग कुठला? पण सिनेमात हेरा शूर आहे, घोडा छान पळवते, आणि तेवढंच. तिला नक्की काय हवंय ते १३४ मिनिटांत मला कळलं नाही. त्याऐवजी मधूनच मॉर्डोरसाठी अंगठ्या गोळा करणारे ऑर्क्स भेटतात, सारुमान दर्शन देतो (तोही दिवंगत ख्रिस्तोफर ली यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातल्या आवाजात). म्हणजे दर वीस मिनिटांनी सिनेमा आपल्याला कोपराने ढोसून विचारतो, 'आठवतंय का, तो दुसरा सिनेमा किती भारी होता?'

मुळात परिशिष्टात हात घालावा लागतो तोच हक्कांमुळे. टोल्कीनने १९६९ मध्ये सिनेमाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्सला विकले. १९७६ मध्ये ते सॉल झेंट्झकडे गेले आणि २०२२ मध्ये झेंट्झच्या कंपनीकडून एम्ब्रेसर ग्रुपने विकत घेतले. पण हे हक्क फक्त 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या दोन पुस्तकांपुरतेच आहेत. 'सिल्मरिलियन'मधल्या भल्यामोठ्या खजिन्याला त्यांना हात लावता येत नाही. मुख्य गोष्टी तर जॅक्सनने आधीच करून ठेवल्यात. मग उरतं काय? परिशिष्टं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अशा करारांमध्ये बहुतेक वेळा अट असते की ठरावीक मुदतीत काही काढलं नाहीत तर हक्क हातचे जातील. 'रोहिरिम'ला न्यू लाइन स्टुडिओने घाईने हिरवा कंदील दाखवला तो हे हक्क टिकवण्यासाठी, अशा बातम्या हॉलिवूडच्या ट्रेड प्रेसमध्ये छापून आल्या. पुढचे मोठे लाइव्ह ॲक्शन सिनेमे तयार होईपर्यंत जागा धरून ठेवायची, म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तसं.

हे वाचून मला हसू आलं, कारण हे काम मी स्वतः केलंय. तुमच्या फोनमध्ये असं एखादं ॲप असेलच, ज्याला वर्षात एकदा अपडेट येतो आणि 'नवीन काय' खाली फक्त 'बग फिक्स' लिहिलेलं असतं. बऱ्याचदा त्यामागे एवढंच असतं की प्ले स्टोअर दरवर्षी ॲप्सना नव्या अँड्रॉइडला धरून राहायला लावतं, नाहीतर नव्या युजर्सना ते ॲप दिसेनासं होतं. पहिल्या नोकरीत मी तीन महिने खपून एक मॉड्यूल बनवलं होतं, कारण क्लायंटच्या करारात ३१ मार्चच्या आत ते 'लाइव्ह' करायचं लिहिलं होतं. ३१ मार्चला रात्री साडेअकराला ते लाइव्ह झालं. सगळ्या टेस्ट पास. पुढच्या वर्षभरात त्या स्क्रीनवर किती लोक आले हे मी एकदा लॉगमध्ये पाहिलं, आणि नंतर परत कधी पाहिलं नाही. कोड वाईट नव्हता हो. फक्त तो कोणाला हवा होता म्हणून लिहिलेला नव्हता. 'रोहिरिम' पाहताना मला तो स्क्रीन आठवत होता.

घाई आणि ॲनिमेशन यांचं का जमत नाही

थोडं गणित करू. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढत नाहीत, साधारणपणे एक चित्र दोन फ्रेम्स टिकवतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. १३४ मिनिटांचे होतात ८,०४० सेकंद. त्याची चित्रं ९६,४८०. आणि हा हिशेब प्रत्येक फ्रेममध्ये एकच हलणारी वस्तू धरून झाला. रोहान म्हणजे घोडेस्वारांचं राज्य. घोडा ही ॲनिमेटरची सर्वांत मोठी डोकेदुखी, चार पाय आणि प्रत्येकाची लय वेगळी. असे शेकडो घोडे एका दृश्यात.

कामियामा यांनी यावर उपाय काढला. आधी कलाकारांचा अभिनय मोशन कॅप्चरने टिपायचा, म्हणजे अंगावर मार्कर लावून प्रत्येक सांध्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये घ्यायची. त्यावरून थ्रीडी दृश्यं बनवायची, कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवायचं, आणि मग ती दृश्यं समोर ठेवून सगळं परत हाताने टूडीमध्ये काढायचं. हुशारीचं काम आहे. पण परिणाम पडद्यावर दिसतो. मोठ्या दृश्यांत मजा येते आणि दोन माणसं नुसती बोलत उभी असली की ती जरा तरंगल्यासारखी वाटतात.

असं का होतं? चांगला ॲनिमेटर माणूस जसा हलतो तसा काढत नाही. तो त्यातल्या मोजक्या पोझ निवडतो, त्या थोड्या ताणतो, मधलं गाळतो. उरलेलं आपला डोळा भरून काढतो. खऱ्या माणसाच्या हालचालीत मात्र सगळंच असतं, नको असलेली डुलकी, वजन टाकताना होणारी चुळबूळ. ते जसंच्या तसं रेषांमध्ये आलं की चित्र जिवंत होण्याऐवजी निसरडं होतं.

(जाता जाता: टीव्हीवर किंवा फोनमध्ये एमईएमसी किंवा 'मोशन स्मूदनिंग' नावाचं सेटिंग असेल तर ॲनिमे बघताना बंद करा. ते नेमकं हेच करतं. ॲनिमेटरने मुद्दाम गाळलेल्या फ्रेम्स अंदाजाने भरतं आणि सगळ्याला लोण्यासारखं गुळगुळीत करून टाकतं.)

हेच १९७८ मध्येही झालं होतं

मला सर्वांत जास्त गंमत वाटते ती याची की टोल्कीनच्या बाबतीत हा खेळ दुसऱ्यांदा खेळला गेलाय. राल्फ बाक्शी यांचा ॲनिमेटेड 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९७८ मध्ये आला. निर्माते वर सांगितलेले तेच सॉल झेंट्झ. तेव्हा मोशन कॅप्चर नव्हतं, रोटोस्कोप होतं. मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेली ही पद्धत अगदी सोपी आहे: खऱ्या माणसाचं चित्रीकरण करा, एकेक फ्रेम काचेवर पाडा आणि त्यावरून गिरवा. बाक्शींनी वेषभूषा केलेल्या नटांकडून आधी दृश्यं करून घेतली, लढाया स्पेनमध्ये चित्रित केल्या आणि मग वरून चित्रं काढून घेतली.

पण गिरवायलाही माणसं आणि दिवस लागतात. जिथे ते पुरले नाहीत तिथे मूळ फिल्मच जास्त कॉन्ट्रास्टमध्ये छापून वर रंग चढवला. त्यामुळे सिनेमात एक फ्रोडो नीट रेखाटलेला दिसतो, आणि त्याच्या मागे लागलेले ऑर्क्स म्हणजे उघडउघड मुखवटे घातलेली माणसं. एकाच ॲपमध्ये अर्धे स्क्रीन नव्या डिझाइनचे आणि अर्धे जुन्या, तसं. त्याहून भारी म्हणजे सॉरॉन आणि सारुमान या नावांत प्रेक्षकांचा गोंधळ होईल म्हणून सारुमानचं 'अरुमान' करायचं ठरलं, आणि ते सगळीकडे झालंच नाही. काही संवादांत सारुमान, काहींत अरुमान. फाइंड अँड रिप्लेस अर्धवट सोडून रिलीज केलेलं बिल्ड!

मुख्य घाव वेगळाच होता. सिनेमा हेल्म्स डीपच्या लढाईनंतर संपतो. फ्रोडो अजून वाटेतच आहे, अंगठी त्याच्याच गळ्यात आहे, आणि पडद्यावर श्रेयनामावली. बाक्शी दोन भागांत करणार होते. पण अर्ध्या सिनेमासाठी कोणी तिकीट काढणार नाही म्हणून स्टुडिओने नावात 'भाग पहिला' लिहू दिलं नाही, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलंय. दुसरा भाग कधीच निघाला नाही. गंमत म्हणजे सिनेमाने पैसे मिळवले, सुमारे ३ कोटी डॉलर. तेही १९७८ चे.

आजच्या 'व्हिडिओ टाका, ॲनिमे करून देतो' वाल्या ॲप्समध्ये हाच रोटोस्कोपचा दोष नव्या रूपात दिसतो. बऱ्याच फिल्टर्समध्ये प्रत्येक फ्रेम जवळजवळ नव्याने रंगवली जाते, त्यामुळे शर्टाची बटणं आणि केसांच्या बटा सतत थरथरतात. ॲनिमेशनवाल्यांकडे यासाठी जुना शब्द आहे, 'बॉइल', म्हणजे रेषा उकळतात.

कढई आणि कात्री

डिस्नेच्या 'द ब्लॅक कॉल्ड्रन'ची गोष्ट तंत्राची नाही, नव्या मॅनेजरची आहे. आयटीत काम करणाऱ्यांना ती लगेच कळेल. लॉइड अलेक्झांडर यांच्या प्रिडेन मालिकेची पाच पुस्तकं १९६४ ते १९६८ मध्ये आली. डुकरं सांभाळणारा तारन नावाचा एक पोरगा, त्याला हिरो व्हायचंय, आणि पाच पुस्तकांत हळूहळू त्याला कळत जातं की हिरो होणं म्हणजे काय नाही. डिस्नेने त्यातल्या मुख्यतः पहिल्या दोन पुस्तकांचा मिळून एक सिनेमा केला. वर्षानुवर्षं काम चाललं, खर्च गेला ४ कोटी ४० लाख डॉलरवर.

१९८४ मध्ये जेफ्री कॅट्झेनबर्ग स्टुडिओचे प्रमुख म्हणून आले. चाचणी खेळात मुलं घाबरली. त्यांनी सांगितलं, कापा. आता लाइव्ह ॲक्शनमध्ये कापणं हे रोजचं काम, कारण तिथे लागतं त्याच्या कितीतरी पट चित्रीकरण हातात असतं. ॲनिमेशनमध्ये संपादन आधी होतं, स्टोरीबोर्डवर, कारण नंतर प्रत्येक फ्रेम ही कोणीतरी हाताने काढलेली असते. जादा असं काही नसतंच. तरीही सुमारे १२ मिनिटं कापली गेली आणि १९८४ च्या नाताळात येणारा सिनेमा जुलै १९८५ मध्ये आला. अमेरिकेतली कमाई सुमारे २ कोटी १० लाख डॉलर. डिस्नेच्या ॲनिमेटेड सिनेमांत कॉम्प्युटर ग्राफिक्स पहिल्यांदा वापरले गेले ते इथे, पण हे फारसं कोणाला आठवत नाही.

मला कापलेल्या मिनिटांपेक्षा एका बदलाचा जास्त राग आहे. मेलेल्यांना उठवणारी ती कढई एकाच मार्गाने फुटते: कोणीतरी जिवंत माणसाने स्वतःहून आत उडी घ्यायची आणि मरायचं. पुस्तकात ती उडी घेतो एलिडिर, गर्विष्ठ, सगळ्यांशी वाईट वागलेला राजपुत्र. तो परत येत नाही. त्याच्याबद्दल काय वाटून घ्यावं हेच आपल्याला कळत नाही. सिनेमात उडी मारतो गर्गी, तो गोड केसाळ विनोदी प्राणी, आणि पाच मिनिटांत परत जिवंत होतो. कथेची किंमत काढून घेतली आणि बिल शून्य करून दिलं.

अर्थसी: इथे नुसत्या करमणुकीचा प्रश्न नव्हता

ऊर्सुला ले ग्विन यांचं 'ए विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मी फोनवर वाचलं, ऑफिसला जाता-येता. बऱ्याच पानांनंतर एका ओळीपाशी थांबले. नायक गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे. त्याचा मित्र वेच काळा. त्या जगात बहुतेक सगळेच सावळे नाहीतर काळे आणि गोरे लोक म्हणजे पूर्वेकडच्या बेटांवरचे, बाकीच्यांना परके वाटणारे. तोवर माझ्या डोक्यातला गेड गोरा होता. ले ग्विनने तसं कुठेही लिहिलं नव्हतं, तो मीच गोरा करून ठेवला होता. इतकी वर्षं फॅन्टसी वाचून लागलेली सवय.

२००४ मध्ये अमेरिकेत यावर मालिका निघाली, गेड गोरा. ले ग्विन यांनी त्यावर जाहीर लेख लिहून कडक टीका केली. मग आलं स्टुडिओ घिब्ली. हायाओ मियाझाकी यांनी ऐंशीच्या दशकात परवानगी मागितली तेव्हा त्यांनी नकार दिला होता, कारण त्यांचं काम माहीत नव्हतं. नंतर 'माय नेबर टोटोरो' पाहून त्या प्रेमात पडल्या आणि हो म्हणाल्या. पण तोवर सिनेमा गेला मियाझाकींचा मुलगा गोरो याच्याकडे. तो मूळचा लँडस्केप डिझाइनवाला, सिनेमा दिग्दर्शनाचा हा पहिलाच अनुभव.

'टेल्स फ्रॉम अर्थसी' २००६ मध्ये आला. जपानमध्ये त्या वर्षीच्या जपानी सिनेमांत त्याने सर्वाधिक कमाई केली, म्हणजे 'फसला' हा शब्द हिशेबवाल्यांना मान्य होणार नाही. पण ले ग्विन यांनी स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलं की कथा विस्कळीत आहे आणि वाईटपणा एका खलनायकात कोंबून त्याला मारून प्रश्न सोडवलाय. गोरोला मात्र त्या भेटीत सभ्यपणे म्हणाल्या की हे माझं पुस्तक नव्हे, हा तुमचा सिनेमा आहे, आणि तो चांगला आहे. हे खासगी बोलणं जाहीर झालं, म्हणून त्यांना सविस्तर लिहावं लागलं.

त्यांचा आक्षेप पुस्तक वाचलेल्याला लगेच पटतो. पहिल्या पुस्तकात गेडच्या मागे जी सावली लागलीय, ती शेवटी कोण निघते हे मी सांगत नाही, पण तलवारीने मारता येईल अशी ती नक्कीच नाही. हे चित्रात दाखवणं अवघड आहे हे मान्य. पण बदललंय म्हणून वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. त्याच घिब्लीचा 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (२००४) बघा. डायना विन जोन्स यांच्या पुस्तकात जादूच्या दाराची एक बाजू आजच्या वेल्समध्ये उघडते आणि हाउल मुळात तिथलाच. सिनेमाने तो भाग उडवला आणि पुस्तकात जवळपास नसलेलं युद्ध मध्यभागी आणून ठेवलं. जोन्स यांना सिनेमा आवडला, मलाही आवडतो. कारण म्हातारी झालेली सोफी घाबरायचं सोडून कशी देते, हे त्या दिग्दर्शकाला खरंच सांगायचं होतं आणि ते प्रत्येक दृश्यात दिसतं.

मित्राला मी हे सगळं चहाच्या टपरीवर ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे एआयने फरक पडणार नाही?" पडेल. ९६ हजार चित्रांचा खर्च कमी होईल, मधली चित्रं भरायचं काम पटापट होईल, आणि त्यात काही हजार लोकांच्या नोकऱ्याही जातील. पण 'रोहिरिम'ला हेराला काय हवंय ते माहीत नव्हतं, 'कॉल्ड्रन'मध्ये शेवटच्या क्षणी कात्री चालली, आणि बाक्शींना अर्ध्यावर थांबवलं. यातल्या एकाही ठिकाणी अडचण चित्रं कमी पडण्याची नव्हती. अपवाद बाक्शींचे ऑर्क्स.

आता पुढचा सिनेमा जाहीर झालाय, 'द हंट फॉर गॉलम', लाइव्ह ॲक्शन, १७ डिसेंबर २०२७. दिग्दर्शक अँडी सर्किस, ज्याच्या हालचाली टिपून गॉलम उभा राहिला तोच माणूस. हा आधी २०२६ मध्ये येणार होता, पुढे ढकलला, आणि डेडलाइन पुढे गेली याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. गोष्ट? गँडाल्फ आणि ॲरागॉर्नने गॉलमचा माग काढला, हे कादंबरीत संवादांच्या ओघात थोडक्यात येतं. बाकीचं रिकामं आहे, भरायचंय.